प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडलेत, मग ताम्हिणीतला कचरा का संपत नाही?

पावसाळ्यातल्या रविवारी मुळशीमार्गे ताम्हिणी घाटात गेलात, तर धबधब्यांइतकीच हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे प्लास्टिक. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, पातळ पिशव्या. या कचऱ्याचे फोटो फिरू लागले की पाठोपाठ एक फॉरवर्डही येतो: 'प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडलेत, ते मातीत सोडले की झालं.'

जिवाणू सापडलेत, हे खरं आहे. पण ते नेमकं काय खातात आणि कुठे, हे फॉरवर्डमध्ये नसतं.

काय सापडलं?

जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांवर पुनर्प्रक्रिया होते. तिथली माती, गाळ आणि सांडपाण्याचे २५० नमुने संशोधकांनी तपासले आणि त्यातून 'इडिओनेला साकाइएन्सिस' हा जिवाणू मिळाला. २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झालं. हा जिवाणू 'पेट' खातो. पेट म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. जिवाणू एक एन्झाइम (शाळेच्या पुस्तकातलं विकर) बाहेर सोडतो, ते प्लास्टिकची लांब साखळी तोडतं आणि सुटलेले तुकडे तो अन्न म्हणून वापरतो.

पण प्रयोग होता पातळ, मऊ पेटच्या फिल्मवर. तापमान कायम ३० अंश, आणि तरीही सुमारे सहा आठवडे लागले. बाजारातल्या बाटलीचं पेट जास्त घट्ट रचनेचं असतं, ते याहून बरंच चिवट ठरतं.

बाटली चालते, पिशवी का नाही?

पेटच्या साखळीत ठरावीक अंतरावर 'एस्टर' नावाचे जोड असतात. असेच जोड झाडाच्या पानावरच्या मेणचट आवरणातही असतात. म्हणजे पानं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे ही कात्री आधीपासूनच होती. २०१२ साली जपानमध्येच पालापाचोळ्याच्या खतातून पेट तोडणारं एक जोरदार एन्झाइम मिळालं, ते यामुळेच.

पातळ पिशवी पॉलिथिनची असते. तिची साखळी निव्वळ कार्बनला जोडलेल्या कार्बनची, त्यात कात्री लावायला सोपी जागाच नाही. उन्हाने ती चुरते खरी, पण ते विघटन नव्हे. तिचे बारीक कण होतात आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतात. वेफर्सचं पाकीट तर अनेक थरांचं, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा.

'पॉलिथिन खाणारा जिवाणू' अशा बातम्या अधूनमधून येतात. अशा वेळी एक गोष्ट पाहावी. प्लास्टिकचं फक्त वजन घटलं, की त्यातला कार्बन जिवाणूने खरोखर पचवला? नुसतं वजन प्लास्टिकमध्ये मिसळलेली इतर रसायनं निघून गेल्यानेही घटतं.

मग मातीत सोडून का चालत नाही?

एक तर घाटातल्या मातीत पानं, लाकूड असं सोपं अन्न मुबलक आहे. ते सोडून जिवाणू बाटलीकडे कशाला वळेल? दुसरं, तापमान. २०२० साली 'कार्बिओस' या फ्रेंच कंपनीच्या आणि तुलूझच्या संशोधकांनी पालापाचोळ्यातल्या त्याच एन्झाइममध्ये बदल करून १० तासांत ९० टक्के पेट तोडून दाखवलं. त्यासाठी प्लास्टिक आधी दळून मऊ केलं होतं आणि तापमान होतं ७२ अंश. हे काम टाकीत, कारखान्यात होतं. ताम्हिणीत ते शक्य नाही.

'कंपोस्टेबल' असं लिहिलेल्या पिशव्यांचंही तसंच. पीएलए हे पिष्ट किंवा साखरेपासून बनणारं प्लास्टिक. 'प्राज' कंपनीने पुणे जिल्ह्यातच, जेजुरीला, त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू केला. पण पीएलए नीट कुजायला साधारण ६० अंशांचा, मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातला उष्मा लागतो. रस्त्याकडेला फेकलेली पीएलएची वस्तू बराच काळ तशीच राहते.

संशोधन आपल्याकडेही चालू आहे. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. शिव नाडर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली ग्रेटर नोएडाजवळच्या पाणथळ जागेतून पॉलिस्टायरीनवर, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो त्या प्लास्टिकवर, काम करणारे दोन जिवाणू शोधले.

यातलं कोणतंही तंत्र उद्या कारखान्यात आलं, तरी तिथे वेगळं काढलेलं, स्वच्छ पेट पोचावं लागेल. बाटलीला आजही भंगारात भाव मिळतो, म्हणून ती कुणी ना कुणी उचलतं. वेफर्सच्या पाकिटाला भंगारवालाही सहसा हात लावत नाही.