कोपरामागची नस

महारोग म्हणजे पूर्वजन्मीचं पाप, असं मानणाऱ्या गावांत विज्ञान दारोदार कसं पोचलं, हे पाहायला संपादकांनी मला वर्ध्याला धाडलं. सेवाग्राम, पवनार सगळेच पाहतात. मला पाहायचा होता कुष्ठतंत्रज्ञ, म्हणजे गावोगाव फिरून कुष्ठरोगी शोधणारा आरोग्य कर्मचारी.

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेननं १८७३ मध्ये शोधला, तरी आपल्याकडे रोगी वेशीबाहेरच राहिला. विनोबांच्या प्रेरणेनं मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. पुढे संस्कृत पंडित परचुरे शास्त्री हा रोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन निघालं. तिथल्या डॉ. वारदेकरांनी ठरवलं, की रोग्याची वाट पाहत बसायचं नाही. गावात जायचं, प्रत्येकाचं अंग तपासायचं, समजावून सांगायचं आणि डॅप्सोन या औषधाच्या गोळ्या द्यायच्या. पुढे देशानं हीच पद्धत उचलली.

तपासणी डोळ्यांनी सुरू होते, पण खरं काम बोटांचं. अंगणातल्या उजेडात माणूस पाठमोरा उभा. पाठीवर फिकट चट्टा दिसला की तंत्रज्ञ म्हणतो, ‘‘काका, डोळे मिटा. जिथं कळंल तिथं बोट ठेवा.’’ पेनाचं टोक हलकेच टेकतं. चांगल्या कातडीवर बोट नेमकं येतं. चट्ट्यावर टेकवलं तर हात जागचा हलत नाही. मग कोपर दुमडून हाडामागच्या खोबणीतली नस चाचपायची, दोन्ही हातांची, तुलना करत. एका बाजूची जाड, दुखरी लागली की संशय पक्का होत जातो. हे पुस्तकातून येत नाही, हजारो कोपरं चाचपून येतं. या कसबापुढे मी नतमस्तक आहे.

१९८०च्या दशकात अनेक औषधं एकत्र देणारा बहुविध औषधोपचार आला. त्यासाठी निवडलेल्या देशातल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. पुढे सहा किंवा बारा महिन्यांत माणूस बरा होऊ लागला. २००५च्या अखेरीस देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि निर्मूलन जाहीर झालं. याच काळात कुष्ठरोगाचा स्वतंत्र कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळला. फक्त कुष्ठरोगच शोधणारी माणसं विरळ झाली. आता शोधमोहिमेचा भार मुख्यतः आशाताईंवर, आधीच शंभर कामं असलेल्या.

रोग मात्र लपण्यात पटाईत. चट्टा दुखत नाही, खाजत नाही. घरात लग्नाची मुलगी असेल तर तो झाकला जातो, आणि ही भीती निराधार नाही: २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे आपल्या कायद्यात घटस्फोटाचं कारण होतं. तोवर नस मरते. गोळी जंतू मारते, वाकडी झालेली बोटं सरळ करत नाही. शिवाय लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीसही. आज लागण झालेल्या पोराचा चट्टा दिसेल तेव्हा त्याची नस ओळखणारी बोटं जवळच्या आरोग्य केंद्रात असतील का, ही माझी काळजी आहे.