लाइन सोडून लोकल

'आता मी लोकल चालवतो' असे माझे वडील सांगतात तेव्हा गावाकडच्या निम्म्या लोकांची समजूत ते रेल्वेत लागले अशी होते. एकाने तर घरच्यांना पास मिळतो का, असेही विचारले. मोटरलाइनीत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या वाहतुकीला ड्रायव्हर मंडळी 'लाइन' म्हणतात. आणि बंदर, यार्ड, गोदाम, कारखाना यांच्यामध्ये दिवसाकाठी एक-दोन फेऱ्या मारायच्या कामाला 'लोकल'. लाइनवरचा माणूस लोकलला आला म्हणजे त्याने काम हलके करून घेतले, असे सर्वसाधारण मत आहे. आमच्या वर्गातल्या मित्रांचेही तेच मत पडले. ते कितपत खरे आहे ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम लाइनविषयी. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) अठरा वर्षे बहुतकरून कलकत्त्याच्या लाइनवर होते. कसारा घाट चढून नाशिक, धुळे, तेथून नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर आणि मग कलकत्ता, असा हा सुमारे दोन हजार किलोमीटरचा रस्ता. माल उतरवून परतीचे भाडे मिळेपर्यंत तेथेच मुक्काम. परतीचा माल मिळाला नाही तर रिकामी गाडी आणणे मालकाला परवडत नाही, म्हणून ड्रायव्हरने थांबायचे. कधी दोन दिवस, कधी आठवडा. लाइनवर वेळ नुसता रस्त्यातच जातो, असे समजू नये.

या धंद्यात पगारापेक्षा ट्रिपच्या हिशेबाला महत्त्व असते. निघताना मालक खर्चाला रक्कम देतो. त्यातून डिझेल, जेवण, पंक्चर, रस्त्यावरचे नाना प्रकारचे 'चहापाणी' भागवायचे आणि आल्यावर हिशेब द्यायचा. चांगला ड्रायव्हर पोटाला चिमटा घेऊन त्यातून चार पैसे वाचवतो, आणि घर पुष्कळदा त्या वाचवलेल्या पैशांवरच चालते. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोल मालकाच्या खात्यातून परस्पर कापला जाऊ लागला. रांगा कमी झाल्या, हे चांगलेच झाले. पण ड्रायव्हरच्या हातातून फिरणारी रोकडही कमी झाली. या दुसऱ्या बाजूबद्दल वर्तमानपत्रांत मी फारसे वाचलेले नाही.

कामाच्या तासांबद्दल कायदा नव्हता असे नाही. १९६१ सालच्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातलेली होती. लांब पल्ल्यासाठी परवानगीने फार तर दहा आणि चौपन्न. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना लागू होता. ज्याच्या दोनच गाड्या आहेत त्याला तो विचारणार कोण? अण्णांच्या तोंडून 'तास' हा शब्द मी कामाच्या संदर्भात कधी ऐकला नाही. ते 'कलकत्ता पाचव्या दिवशी गाठायचे' असे म्हणत.

लाइन सोडायचे त्यांनी ठरवले ते आजी अंथरुणाला खिळली तेव्हा. शिवाय कंबर गेली होती. परंतु नोकरी सोडतो असे सांगून माणूस सुटतो, असे या व्यवसायात होत नाही. मध्ये उचल असते. बहिणीच्या लग्नात, माझ्या दहावीच्या वेळी, आजोबांच्या आजारपणात मालकाकडून घेतलेली रक्कम ट्रिपमागून ट्रिप फिटत राहते आणि फिटता फिटता पुन्हा वाढते. उसतोड कामगारांची उचल आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ड्रायव्हरची तशीच असते, फक्त तिला मुकादम नसतो. आमच्या मालकाने शेवटच्या दोन ट्रिपचा भत्ता उचलीत वळता करून घेतला आणि वर जे राहिले ते एकरकमी मागितले. माझ्या प्रथम वर्षाच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. फी नंतर दोन हप्त्यांत भरली, त्याबद्दल कार्यालयातील मंडळींचे आभारच मानले पाहिजेत.

आता लोकल म्हणजे काय ते सांगतो. आमच्या भागात लोकल म्हणजे मुख्यतः न्हावाशेवा. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. आज तेथे पाच कंटेनर टर्मिनले आहेत आणि ती निरनिराळ्या कंपन्या चालवतात. बोटीतून उतरलेला कंटेनर पूर्वी बहुधा बंदराबाहेरच्या एखाद्या कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे ज्याला सगळे 'सीएफएस' म्हणतात तेथे जाई. कस्टमची तपासणी तेथे होई आणि मग माल मालकाकडे. द्रोणागिरी, जासई, पनवेल या पट्ट्यात अशी स्टेशने पुष्कळ आहेत. २०१६ पासून थेट बंदरातूनच कंटेनर कारखान्यात नेण्याची सोय वाढवण्यात आली, त्यामुळे सीएफएसच्या फेऱ्या काही प्रमाणात घटल्या. शिवाय एका टर्मिनलला उतरलेला कंटेनर दुसऱ्या टर्मिनलच्या बोटीवर किंवा आगगाडीवर चढवायचा असतो. दोन्ही टर्मिनले एकाच बंदरात, अंतर थोडके, पण खोके उचलून न्यायला ट्रेलर लागतोच. रिकामे कंटेनर कंपनीच्या यार्डात परत टाकायचे असतात, ते काम वेगळे. या सगळ्या मिळून लोकल फेऱ्या.

लाइनच्या माणसाला यात पहिली अडचण येते ती ट्रेलर मागे घेण्याची. अण्णा दहा चाकी गाडी डोळे मिटून मागे घेत असत. तिचे सगळे अंग एकसंध असते. ट्रेलरचे तसे नाही. पुढचा 'घोडा' निराळा, मागचा ट्रेलर निराळा, आणि दोन्ही एका किंगपिनवर सांधलेले. मागे जाताना घोडा ट्रेलरला ढकलतो. घोड्याची शेपटी डावीकडे गेली की ट्रेलरचे डोके डावीकडे ढकलले जाते आणि त्याचे मागचे टोक उजवीकडे वळते. म्हणून ज्या बाजूला ट्रेलर न्यायचा त्याच्या उलट बाजूला आधी स्टिअरिंग फिरवायचे, आणि तो वळू लागला की लगेच सरळ करून त्याच्या मागून जायचे. क्षणभर उशीर झाला तर घोडा आणि ट्रेलर मिटलेल्या चाकूसारखे एकमेकांवर येतात. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाला दोन ट्रॉल्या जोडून पुढे झोकात जातो, पण मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरून ट्रॉली सोडतो, हे सातारा-सांगलीकडच्या वाचकांनी पाहिले असेल. कारण हेच. अठरा वर्षांच्या ड्रायव्हरला पंचविशीच्या पोराने 'काका, उलटा काटा, उलटा' असे ओरडून शिकवायचे, ही गोष्ट सोपी नाही. पहिले पंधरा दिवस अण्णा घरी कोणाशी धड बोलत नव्हते.

दुसरी अडचण कागदांची. प्रत्येक कंटेनरवर चार रोमन अक्षरे आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा मोठा मजेदार आहे. आधीच्या अक्षरांना ठरावीक किमती देऊन, प्रत्येक जागेला अनुक्रमे एक, दोन, चार, आठ असे दुप्पट होत जाणाऱ्या संख्येने गुणून, बेरजेला अकराने भागले की जी बाकी उरते ती हा आकडा (बाकी दहा उरली तर शून्य). म्हणजे मधला एखादा आकडा लिहिताना चुकला की हिशेब जुळत नाही आणि संगणक लगेच ओरडतो. सातवी पास माणसाला हे गणित करावे लागत नाही. पण गेटवर नंबर, सील आणि पास जुळला नाही तर रांगेतून बाहेर व्हावे लागते, आणि परत शेवटी लागावे लागते. त्यामुळे अण्णा आता चष्मा लावून एकेक अक्षर मोठ्याने वाचतात. जाता जाता सांगायचे तर वाहन परवान्यासाठीची आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. गेटवरचे कागद मात्र तेव्हापासून कमी झालेले नाहीत.

तथापि खरा फरक आहे तो मजुरीच्या मापात. लाइनवर चाक फिरले की पैसा. लोकलला पैसा फेरीवर, आणि फेरी म्हणजे किलोमीटर नव्हेत. बंदर ते सीएफएस अंतर दहा-पंधरा किलोमीटर असले तरी फेरीला दोन तास लागतील की दहा, हे गेटवरच्या रांगेवर ठरते. ही रांग नेहमी सारखी का नसते? बोटी ठराविक अंतराने येत नाहीत; दोन-तीन एकदम लागल्या की उतरलेले कंटेनर एकदम बाहेर काढावे लागतात, कारण मोफत ठेवण्याची मुदत संपली की भाडे चढते. निर्यातीचे उलटे. बोट सुटण्याआधी अमुक वेळेपर्यंतच माल आत घेतात. त्याला 'कट-ऑफ' म्हणतात. कारखाने माल शेवटपर्यंत लांबवतात आणि मग सगळे ट्रेलर एकाच रात्री गेटवर येतात. दोष ना बोटीचा ना कारखान्याचा, दोघे आपापल्या सोयीने वागतात. फुकट जातो तो रांगेतल्या माणसाचा वेळ. आमच्या मालकाकडे तरी थांबण्याचे पैसे ड्रायव्हरला मिळत नाहीत.

आणि रांगेत झोपता येत नाही. ढाब्यावर खाटेवर पडले की चार तास आपले असतात, असे अण्णा म्हणतात. येथे दर दहा मिनिटांनी पुढचा ट्रेलर सरकतो. झोपलात तर मागचे भोंगे आहेतच. रात्रपाळी संपवून ते सकाळी घरी येतात तेव्हा आमच्या कळंबोलीच्या दोन खोल्यांत शेजारचा टीव्ही, नळाचे पाणी, माझे पाठांतर हे सगळे चालू असते. आई पूर्वी महिना महिना त्यांची वाट पाहत असे. आता रोज दुपारी सगळ्यांना गप्प बसवत असते. ते घरी असूनही झोपलेलेच असतात, अशी धाकट्या भावाची तक्रार आहे.

एवढे असूनही मला विचाराल तर लोकलच बरी, असे मी म्हणेन. आजी गेली तेव्हा अण्णा दहा मिनिटांच्या अंतरावर होते आणि घोडा तसाच रस्त्याकडेला लावून आले. आजोबा गेले तेव्हा ते रायपूरच्या पुढे होते. तिसऱ्या दिवशी, सगळे उरकल्यावर पोहोचले. हा फरक फेरीच्या दरात मोजता येत नाही. पण काम हलके झाले, असे कोणी म्हणू लागला तर मी ते मान्य करणार नाही. घरातली मिळकत कमी झाली हेही खरे आहे. रांगेच्या आठवड्यात तर ती बरीच कमी होते.

काका अजून चेन्नईच्या लाइनवर आहेत. इतकी वर्षे ते अण्णांची थट्टा करीत, 'रांगेतला ड्रायव्हर' म्हणत. परवा दिवाळीला आले तेव्हा त्यांनी हळूच विचारले की उचल किती उरली असताना मालक सोडतो. अण्णांनी त्यांचा हिशेब माझ्याकडून कागदावर मांडून घेतला, दोनदा तपासायला लावला, आणि म्हणाले, उचलीचे मग बघू, आधी रविवारी ये आणि ट्रेलर मागे घेऊन दाखव.