शालेय अमेरिकन फुटबॉल : संघाने स्पर्धा-गट बदलावा का?

कुस्तीत ५७ किलोचा मल्ल ९७ किलोच्या मल्लाशी का झुंजत नाही, हे तुम्हाला समजावून सांगावे लागत नाही. वजनकाट्यावर उभे राहिले की गट ठरतो. सांघिक खेळासाठी असा काटा नाही. अमेरिकेतील शालेय फुटबॉलने शाळेची पटसंख्या हाच काटा मानला आहे. तो काटा खरे वजन दाखवतो का, आणि दाखवत नसेल तर संघाने वरच्या किंवा खालच्या गटात जावे का, हा तिथला जुना वाद आहे. या पाठात आपण तो समजून घेऊ. (इथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल.)

आपल्याकडे सुब्रतो मुखर्जी फुटबॉल स्पर्धेत गट वयानुसार पडतात. शाळा लहान की मोठी, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत ते आधी विचारले जाते. टेक्सासचेच उदाहरण घ्या. १९१० मध्ये स्थापन झालेली ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलास्टिक लीग’ तिथल्या शाळांची १-ए ते ६-ए अशा सहा गटांत विभागणी करते आणि दर दोन वर्षांनी पट मोजून ती नव्याने आखते. ६-ए मध्ये दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा असतात, तर १-ए मध्ये जेमतेम शंभर विद्यार्थ्यांच्या. या सर्वांत लहान शाळा अकराऐवजी सहा जणांचा फुटबॉल खेळतात. मैदान १०० ऐवजी ८० यार्डांचे असते, आणि उत्तरार्धात एखादा संघ ४५ गुणांनी पुढे गेला की सामना तिथेच थांबवतात. हा प्रकार १९३४ मध्ये नेब्रास्कात सुरू झाला, तोही मुलेच पुरत नव्हती म्हणून.

पट इतका महत्त्वाचा का, हे खेळाच्या रचनेतून कळते. मोठ्या शाळेत आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा वेगळे असतात. एक तुकडी मैदानात असताना दुसरी दम खाते. पंचवीस मुलांच्या संघात तीच मुले दोन्हीकडे खेळतात. शेवटच्या पाव भागात ती थकलेली असतात, आणि समोर ताज्या दमाचे, अनेकदा वजनानेही भारी खेळाडू येतात. शरीरावर शरीर आदळणाऱ्या खेळात थकवा म्हणजे दुखापतीला आमंत्रण. त्यामुळे हा वाद केवळ चषकाचा नाही. सतत पन्नास-पन्नास गुणांनी हरणाऱ्या संघाकडे पुढच्या वर्षी मुले फिरकत नाहीत, आणि मुले नसली की संघच बंद होतो.

मग अडचण कुठे आहे? पट विद्यार्थी मोजतो, खेळाडू मोजत नाही. सरकारी शाळेला बहुधा ठरावीक हद्दीतलीच मुले मिळतात. खासगी शाळा दूरवरून मुले घेऊ शकते. पट सारखा असला तरी दोघींची ताकद सारखी नसते. यावर इलिनॉयने २००५ मध्ये गुणकाचा उपाय काढला : हद्द नसलेल्या शाळेचा पट १.६५ ने गुणायचा. म्हणजे ६०० विद्यार्थ्यांची शाळा ९९० ची समजून तिचा गट ठरवायचा. मिनेसोटाने उलट बाजूने विचार केला. मोफत किंवा सवलतीचे जेवण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४० टक्के पटातून वजा करायचे, कारण गरीब घरातील मुले खेळात कमी प्रमाणात उतरतात. हजारांपैकी ५०० मुले असे जेवण घेत असतील, तर शाळेचा पट ८०० धरला जातो. मला हा उपाय अधिक विचारपूर्वक वाटतो. सरसकट लावलेला गुणक सगळ्या खासगी शाळांना एकाच मापाने मोजतो, मग त्यातली एखादी वर्षानुवर्षे हरत का असेना.

इंडियानाने २०१३ च्या हंगामापासून वेगळाच मार्ग धरला : यश मोजायचे. मूळ नियमानुसार बाद फेरीतील पहिला टप्पा जिंकल्यास १ गुण, पुढच्या दोन टप्प्यांना २ आणि ३, राज्य अजिंक्यपदाला ४. दोन वर्षांत ६ गुण झाले की संघ एक गट वर. इंडियानापोलिसच्या कॅथेड्रल शाळेने २०१० ते २०१२ अशी सलग तीन वर्षे ४-ए चे अजिंक्यपद जिंकले होते. तिला ५-ए मध्ये चढवले, आणि २०१३ मध्ये तिने तेही जिंकले. पट या शाळेची ताकद दाखवत नव्हता, हे उघड झाले.

पण हाच नियम दुसऱ्या शाळेवर लावून पाहा. समजा, एखाद्या गावात एकाच वेळी आठ-दहा असामान्य मुले वाढली. अकरावी-बारावीत त्यांनी मैदान मारले आणि शाळा सोडली. आता संघ वरच्या गटात गेला, पण खेळायचे आहे धाकट्या भावंडांना. क्लब संघाचा गाभा टिकतो. शालेय संघ चार वर्षांत पूर्ण बदलतो. म्हणून इंग्लंडमधील सॉकर क्लबांची बढती-घसरण जशीच्या तशी इथे लागू होत नाही. एका पिढीचे यश दुसऱ्या पिढीच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. निदान चार वर्षांची कामगिरी पाहून मगच संघ वर चढवावा.

गटांचीही एक किंमत आहे. याच इंडियानात बास्केटबॉलला १९९७ पर्यंत गट नव्हते. १९५४ मध्ये जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन गावच्या शाळेने मोठ्या मन्सी सेंट्रलला हरवून राज्य अजिंक्यपद मिळवले, ते आजही सांगितले जाते. गट पडल्यावर अशी गोष्ट घडायला जागा राहत नाही. अर्थात बास्केटबॉलला पाच जण पुरतात. फुटबॉलमध्ये दोन-तीन गुणी मुलांवर संघ उभा राहत नाही.

अनेक राज्यांत शाळा स्वेच्छेने वरच्या गटात खेळू शकते. जवळचे जुने प्रतिस्पर्धी वरच्या गटात असतील आणि स्वतःच्या गटातील शाळा तीन-चार तासांच्या बसप्रवासावर, तर वर जाणे शहाणपणाचे ठरते. खाली येण्याची मागणी अधिक काटेकोरपणे तपासावी लागते. नुसते पराभव पुरेसे नाहीत. ते प्रशिक्षक बदलल्यानेही होतात. सरावाला प्रत्यक्ष किती मुले येतात आणि तो आकडा किती वर्षे घटतो आहे, हे पाहावे. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असते. त्यामुळे आज नववीच्या संघात नाव घातलेली मुले मोजली, की दोन वर्षांनी शाळा कोणत्या गटात उभी राहू शकेल, याचा अंदाज गेल्या हंगामाच्या निकालांपेक्षा बरा येतो.