शंभर वर्षांचं व्यायाममंदिर आणि त्याची माणसं

संध्याकाळी डोंबिवलीतल्या शाळांच्या पटांगणात, सोसायट्यांच्या सभागृहात पांढऱ्या गणवेशातली मुलं रांगेत उभी असतात. कोणाच्या कमरेला पिवळा पट्टा, कोणाच्या हिरवा. कुंपणाशी कोणाची आई, नाहीतर आजोबा, दप्तर आणि पाण्याची बाटली सांभाळत थांबलेले. कराटेचा वर्ग म्हटला की सर आणि पट्टे आठवतात. मला मात्र या कुंपणापाशी थांबणाऱ्या मंडळींबद्दलही फार आदर वाटतो.

कराटे रुजलं तेही अशाच पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर. 1922 साली त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिकं दाखवली आणि कराटे जपानच्या मुख्य बेटांवर रुजू लागलं. तेव्हा त्यांच्याकडे स्वतःची जागा नव्हती. ओकिनावी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचं, तिथली झाडलोट करायची आणि तिथल्याच दालनात शिकवायचं, असे दिवस त्यांनी काढले. पुढे विद्यार्थ्यांनी आणि हितचिंतकांनी वर्गणी काढून त्यांना स्वतंत्र व्यायामशाळा बांधून दिली. फुनाकोशी 'शोतो' या टोपणनावाने कविता लिहीत, म्हणून वास्तूचं नाव पडलं शोतोकान. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. कला विद्यार्थ्यांच्या अंगात मुरली होती, ती राहिली.

विद्यार्थ्यांच्या जिवावर टिकलेली अशी एक शाळा डोंबिवलीहून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे: दादरच्या शिवाजी पार्कातलं श्री समर्थ व्यायाम मंदिर. व्यायाममहर्षी पु. ल. काळे गुरुजींनी ते 1925 साली सुरू केलं. तिथली ओळखीची विद्या मल्लखांबाची. पेशवाईच्या उत्तरकाळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवं रूप दिलं, असं परंपरा सांगते.

पुरलेला मल्लखांब जवळून पाहावा. शिसवी किंवा सागवानी लाकूड, जमिनीवर साधारण साडेआठ फूट. खाली जाड, वर निमुळता, मग मान आणि मानेवर बोंड. एरंडेल चोळून चोळून अंग गुळगुळीत केलेलं. नवं पोर आधी अढी शिकतं. दोन्ही हातांनी खांब धरायचा, पाय वर झोकायचे आणि मांड्यांनी खांब आवळायचा. डोकं खाली. मग हात सोडायचे. पहिल्या वेळी ते सुटत नाहीत. शिकवणारा पाठीशी हात धरून उभा असतो, 'सोड' म्हणतो, आणि पोर सोडतं. मांडीची कातडी सोलवटते, दुसऱ्या दिवशी चालताना ओढ बसते, तरी ते पुन्हा येतं. अढी बसली की पुढे तेढी, बगली, दसरंग, फिरकी. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून वर चढायचं. दोरीला गाठ मारायची नाही.

हे पुस्तक वाचून येत नाही. ज्याच्या स्वतःच्या मांड्या सोलवटल्या त्यानेच दुसऱ्याच्या पाठीशी हात धरायचा, असा हा व्यवहार आहे आणि समर्थ शंभर वर्षं चाललं ते याच व्यवहारावर. उदय देशपांडे हे त्याचं ठळक उदाहरण. हाडाचे शिक्षक. देशात आणि परदेशात असंख्य मुलांना त्यांनी मल्लखांबावर चढवलं. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला त्यांचं सर्वांत मोठं वाटणारं काम वेगळंच आहे. दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुलींना त्यांनी मल्लखांब शिकवला. ज्या मुलीने खांब कधी पाहिलेला नाही, तिला पकड दाखवायची कशी? हाताला हात लावून, पाय धरून नेमक्या जागी ठेवून. डोकं खाली आणि पाय वर ही अवस्था नुसत्या स्पर्शावर आणि शिकवणाऱ्याच्या आवाजावर विसंबून स्वीकारायची. डोळस मुलांचे हात सुटत नाहीत तिथे या मुलींनी ते सोडले. एवढा विश्वास कमावणारा शिक्षक लाभणं हे त्या मुलींचं भाग्य, आणि अशा मुली लाभणं हे त्या शिक्षकाचंही.

फेब्रुवारी 2019 मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली तीही शिवाजी पार्कातच. पंधरा देशांतले खेळाडू आले होते. त्या स्पर्धेत चमकलेल्या मुंबईच्या हिमानी परबला पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला.

मग अशी शाळा डोंबिवलीत का उभी राहत नाही? इथेही शिकवायची हौस असलेली माणसं आहेत, शिकणारी मुलं तर भरपूर आहेत. अडतं ते जागेवर. सभागृहाचं भाडं वाढलं की वर्ग हलतो, हललेल्या वर्गातली निम्मी मुलं गळतात, आणि पाच-सहा वर्षं घाम गाळलेल्या मुलाला धाकट्यांपुढे उभं राहायची पाळी येण्याआधीच सगळं थांबतं. शाळांच्या विश्वस्तांनी संध्याकाळी दोन तास पटांगण उघडं ठेवावं आणि भाडं परवडेल इतकंच घ्यावं. कुंपणाशी थांबणाऱ्या आई-आजोबांनी पुढच्या पालकसभेत हा विषय काढावा.