शेवटचा हात मारताना

(लेखमाला : हत्यारं-अवजारं, भाग ६)

मागच्या आठवड्यात वेल्डिंगपर्यंत आलो होतो. आता टाके घासायचे, गंज काढायचा, प्राइमर मारायचा. जिवतीसारख्या तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनच्या दुकानात ट्रॉली, वखर, फाटक असं काहीही येतं आणि हे शेवटचं काम बहुधा नवख्या पोराच्या वाट्याला जातं. हलकं काम ना! माझ्या मते दुकानातलं सगळ्यात दगाबाज काम हेच.

वेल्डिंगच्या झगमगाटाला भिऊन माणूस काच तरी धरतो. ग्राइंडरला कुणी भीत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, म्हणजे चाकाची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावते. किती फेरे सोसतील ते चाकावर छापलेलं असतं: १०० मिलिमीटरच्या चाकावर साधारण १५,३००, सात इंचीवर ८,५००. आता गार्ड काढून, भोकात वॉशर बसवून झिजलेलं सात इंची चाक लहान मशीनवर चढवणारे महाभाग आठवा. चाक पुरवून वापरण्याची ही काटकसर जिवावर बेतते. मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदतीची तारीखही असते, ती वाचावी. ओल लागून राळ कमजोर झालेलं चाक वरून धडधाकटच दिसतं. आणि कटिंगच्या पातळ चाकाच्या बाजूने घासायचं नाही. ते बाजूचा दाब सोसत नाही.

डोळ्यांना दोन्ही बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा, उन्हाचा चष्मा चालत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांसाठी वेगळं कलम होतं, ३५ वं; पण दोन-तीन माणसांचं दुकान त्या कायद्याच्या कक्षेतच येत नव्हतं. तिथे मालकाची अक्कल हाच कायदा. बुबुळात रुतलेल्या लोखंडी कणाभोवती काही तासांतच गंजाचं कडं धरू लागतं. डोळा चोळू नये, काडीने किंवा रुमालाच्या टोकाने टोकरू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा आणि तरी खुपत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं, भले घाट उतरून गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूर गाठावं लागो.

बफ किंवा वायर ब्रशच्या चाकापाशी सुती हातमोजे नकोत, गळ्यात दुपट्टाही नको. चाक कापड ओढतं, कापडामागे हात जातो.

जुनं फाटक घासायला आलं तर आधी रंगाचा विचार करा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि ग्राइंडर त्याची बारीक धूळ करतो. असा रंग ओला करून हाताने पॉलिश पेपरने काढावा. धूळ उडत असेल तर तोंडाला रुमाल पुरत नाही, मास्क हवा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. घरात लेकरं असतात.

राहिला थिनर. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते. एकीकडे ग्राइंडर आणि दुसरीकडे स्प्रे, असं एकाच वेळी चालवू नका. घासकाम सकाळी उरकून घ्या, झाडून घ्या, ठिणग्या कुठे धुमसत नाहीत ना ते बघा, मगच थिनरचं झाकण उघडा.