जमीन तीच, न्यायाचा दरवाजा वेगळा

मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण झाले. अशा धरणांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा संबंध १८९४ च्या भूसंपादन कायद्याशी आला. अधिकाऱ्याने ठरविलेला मोबदला मान्य नसेल, तर कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे नेता येई. मात्र निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असल्यास मुदत सहा आठवड्यांची. आणि हरकत न नोंदविता रक्कम उचलली, तर तो हक्कच संपे. चार शब्द लिहिले नाहीत म्हणून न्याय गमवावा, ही कायद्याची कठोरता खरीच. १९८४ च्या दुरुस्तीने थोडी वाट मोकळी केली. त्याच अधिसूचनेतील शेजाऱ्याला न्यायालयाने वाढीव दर दिला, तर कोर्टात न गेलेल्यालाही तीन महिन्यांत तो मागता येऊ लागला.

खटला लांबे, नागपूर खंडपीठापर्यंत आणि तेथून दिल्लीपर्यंतही जाई. तथापि खरेदीखते, विहीर, संत्र्याची झाडे यांचा पुरावा पाहून रक्कम वाढविण्याचा अधिकार न्यायाधीशाला होता. २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही मोबदल्याचा वाद न्यायिक प्राधिकरणाकडेच जातो.

तीच जमीन राष्ट्रीय महामार्गासाठी गेली, तर मात्र १९५६ च्या कायद्यानुसार वाद लवादाकडे जातो. लवाद म्हणजे उभयपक्षांनी विश्वासाने निवडलेला त्रयस्थ, अशी आपली समजूत. येथे त्याची नेमणूक केंद्र सरकार करते, जमीनही त्याच सरकारसाठी घेतलेली असते, आणि लवादाच्या खुर्चीवर बहुधा सरकारी अधिकारीच बसतो! त्याचा निवाडा न्यायालय रद्द करू शकते. रक्कम वाढवून देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तामिळनाडूतील हकीम प्रकरणात सांगितले. मौज अशी की, त्या शेतकऱ्यांना खालच्या न्यायालयाने दिलेली वाढ सर्वोच्च न्यायालयाने तशीच राहू दिली. नियम उरला तो इतरांसाठी. २०२५ मध्ये घटनापीठाने निवाड्यात फेरफार करण्याचा अधिकार मान्य केला, पण तोही मर्यादितच.

वास्तविक २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात याच न्यायालयाने महामार्गग्रस्तांना दिलासा रक्कम व व्याज नाकारणारी तरतूद घटनाबाह्य ठरविली होती. जमीन कोणत्या कायद्याने घेतली यावरून मालकामालकांत भेद करता येत नाही, हे त्यामागचे सूत्र. तेच सूत्र दाद मागण्याच्या जागेलाही का लागू होऊ नये? संसदेने महामार्ग कायद्यात दुरुस्ती करून लवादाच्या निवाड्यावर जिल्हा न्यायालयात रकमेसंबंधी पूर्ण अपील द्यावे, किंवा हे वाद सरळ भूसंपादन प्राधिकरणाकडे सोपवावेत.