खापर काय सांगते?

आपल्या वडवणी भागात नांगरताना कधी खापर लागते, कधी मणी, तर कधी झिजलेले तांब्याचे नाणे. आपण ते पाहतो आणि बांधावर फेकतो. पण जरा थांबा. त्या खापराला पुष्कळ सांगायचे असते.

तेर गाव तुम्हांला ठाऊक आहे. आपल्या दक्षिणेला, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. गोरोबाकाकांचे गाव. पण गोरोबाकाकांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे तेर नांदत होते. तेव्हा त्याचे नाव तगर. पैठणला सातवाहन राजांची राजधानी होती.

हे कशावरून कळले? जमिनीतून निघालेल्या वस्तूंवरून. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचून जपल्या. त्यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय तेरला आहे. तेथे सातवाहनांची नाणी आहेत. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या आहेत. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही आहे.

अशाच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटली देशात, पाँपेई येथे सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. म्हणजे आपल्या देशाची कारागिरी त्याआधीच समुद्रापार पोचली होती! त्याच काळच्या एका ग्रीक पुस्तकात लिहिले आहे की, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे. तेथले कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जाते. पुस्तक आणि वस्तू, दोन्हींची साक्ष जुळली.

आता आपले पाहू. धाब्याच्या घरावर टाकायला आपण पांढरीची माती आणतो. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जागा. मातीबरोबर वस्तूही जातात. नाणे सोनाराने वितळवले, की त्यावरचे राजाचे नाव कायमचे पुसले. वस्तू कुठे, किती खोल, कशाशेजारी होती हे कळले नाही, तर ती अर्धी मुकी होते.

म्हणून काही सापडले तर घासू नका, आणखी खणू नका. जागा ध्यानात ठेवा. तहसील कचेरीत कळवा. जमिनीतले धन दहा रुपयांहून जास्त किमतीचे असेल, तर कलेक्टरांना कळवलेच पाहिजे, असा १८७८ सालचा कायदा आहे.

चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला जाल, तेव्हा वस्तुसंग्रहालयही पाहा. मुलांना संगे न्या. वस्तूंजवळच्या पाट्या आता तुम्हीच त्यांना वाचून दाखवा.